चिठ्ठीत नाव कोणाचं?

एक छोटीशी टेस्ट घेऊ या? 'ड्रॅगन' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पटकन कोण येतं? 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या डेनेरिसची तीन पिल्लं? 'हॉबिट'मधला सोन्याच्या राशीत लोळणारा स्मॉग? की 'हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन'मधला तो मांजरासारखा लाडीक टूथलेस? यातलं एखादं नाव तुमच्या तोंडी आलंच असणार. पण 'वर्मिथ्रॅक्स' असं कुणी म्हणालं असेल, तर त्याला माझ्यातर्फे एक फिल्टर कॉफी. नक्की!

हा वर्मिथ्रॅक्स आहे १९८१ सालच्या 'ड्रॅगनस्लेअर' या सिनेमातला. हा सिनेमा मी आयुष्यात दोनदा पाहिला. पहिल्यांदा पुण्यात, चार मित्रांबरोबर, फिदीफिदी हसत. दुसऱ्यांदा बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या एका खेड्यात, बहिणीच्या ओसरीवर. दुसऱ्या वेळी हसू नाही आलं.

पंधरा रुपयांची सीडी

साल २००४. माझी पहिली नोकरी. टू बीएचके फ्लॅट, त्यात पाच जण आणि पाच जणांत एकच कॉम्प्युटर. त्या वर्षी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिसऱ्या भागाने ११ ऑस्कर खिशात घातले होते आणि आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता. एका शनिवारी सीडी लायब्ररीत 'रिंग्ज' मिळाला नाही, म्हणून एक रूममेट पंधरा रुपये भाड्याने 'ड्रॅगनस्लेअर' घेऊन आला.

पावभाजी खाता खाता आम्ही सिनेमाची मनसोक्त टर उडवली. हीरो म्हणजे कुरळ्या केसांचा काडीपैलवान. (हा पीटर मॅकनिकोल. पुढे 'अॅली मॅक्बील'मधला तो विक्षिप्त वकील जॉन केज झाला, तोच!) जादूगार म्हातारा पहिल्या अर्ध्या तासातच मरतो. ड्रॅगन अख्खा दिसायला तासाभराहून जास्त वेळ लागतो. तोवर नुसती शेपटी, नुसता पंजा. शेवट कधी झाला ते मला कळलंच नाही, कारण मी झोपलो होतो. सकाळी सीडी परत केली. विषय संपला.

आता कबूल करतो, की आम्ही हसलो ते चुकीच्या गोष्टींना.

फ्लॉप कसा झाला?

'ड्रॅगनस्लेअर' अमेरिकेत २६ जून १९८१ला लागला. दिग्दर्शक मॅथ्यू रॉबिन्स. पटकथा त्याची आणि हॅल बारवूडची. पैसा पॅरामाउंट आणि डिस्नेचा, दोघांनी मिळून घातलेला. खर्च सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर आणि अमेरिकेतला गल्ला १ कोटी ४० लाखांच्या आसपास. म्हणजे सरळ सरळ घाटा.

कारणं? एक तर टायमिंग. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' लागला होता. त्या लाटेपुढे कोण टिकणार? दुसरं, डिस्नेचं नाव बघून लोक पोराबाळांना घेऊन गेले आणि पडद्यावर काय, तर ड्रॅगनची पिल्लं राजकन्येचा पाय चघळतायत! ऑस्करची दोन नामांकनं मिळाली. अॅलेक्स नॉर्थच्या संगीताला एक आणि व्हिज्युअल इफेक्ट्सना एक. दोन्ही हुकली. इफेक्ट्सचं ऑस्कर गेलं पुन्हा 'रेडर्स'कडेच.

पण जाणकार मंडळी विसरली नाहीत. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाला जॉर्ज आर. आर. मार्टिन या ड्रॅगनवर फिदा आहे. त्या मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये व्हिसेरिस जुन्या ड्रॅगनांची नावं घेतो, त्यात 'वर्मिथ्रॅक्स' हळूच ऐकू येतं. २०२३मध्ये सिनेमाची फोरके आवृत्ती निघाली, तेव्हा दिग्दर्शक रॉबिन्सच्या जोडीला कॉमेंट्री करायला बसला चक्क गियेर्मो देल तोरो!

त्या ड्रॅगनमध्ये एवढं काय आहे? थोडी टेक्निकल गंमत सांगतो. तेव्हा कॉम्प्युटरवर प्राणी बनत नव्हते. छोटी बाहुली करायची, तिला केसभर हलवायचं, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायचं. हा स्टॉप-मोशन. त्यात प्रत्येक फ्रेम अगदी स्वच्छ येते आणि म्हणूनच हालचाल झटके खाल्ल्यासारखी दिसते. धावत्या एसटीचा फोटो काढा, तो थोडा फरफटलेला येतो की नाही? डोळ्याला वेग कळतो तो त्या फरफटीमुळे. 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक'च्या फिल टिपेट आणि मंडळींनी बाहुलीला दांडे जोडले आणि कॅमेऱ्याचं शटर उघडं असतानाच ते कॉम्प्युटरच्या हुकमाने हलवले. फरफट आली आणि ड्रॅगन जिवंत झाला! या तंत्राला नाव पडलं 'गो-मोशन'. १९९३च्या 'जुरासिक पार्क'साठी आधी हेच तंत्र ठरलं होतं. मग कॉम्प्युटरचे डायनासोर आले आणि गो-मोशन इतिहासजमा झालं.

पण हे सगळं मी नंतर वाचलं. दुसऱ्यांदा सिनेमा लावला तो तंत्रासाठी नव्हे, तर भाचीने हट्ट केला म्हणून.

भाऊबीज, लॅपटॉप आणि बकासुर

शिरूर कासार माझं गाव. सिंदफणा नदीच्या काठचं, बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. पुण्यात 'शिरूर' म्हटलं की लोकांना घोडनदीचं शिरूर आठवतं, मग मला दर वेळी 'कासार' जोडावं लागतं. पाऊस आला तर आला, नाही तर नदीत पोरं क्रिकेट खेळतात. आणि दसरा-दिवाळी झाली की अर्धा तालुका रिकामा होतो. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या भरभरून माणसं ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परत येतात ती पाडव्याच्या आसपास.

माझे आईवडील जायचे. आता आक्का आणि दाजी जातात. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शिरूरपासून सात-आठ किलोमीटरवर दिलेली. भाऊबीजेला मी तिच्याकडे मुक्कामाला गेलो, कारण दोन दिवसांनी गाडी येणार होती. घरात बांधाबांध चाललेली. पीठ, तिखट, भांडी, कोयते, गोधडी.

धाकटी भाची नववीत. तिने माझा लॅपटॉप हेरला.

"मामा, पिच्चर लावा ना. ड्रॅगनचा."

तिला हवा होता टूथलेस. मी म्हटलं, थांब, तुला खरा ड्रॅगन दाखवतो. आणि मोबाइलच्या नेटवर रडतखडत 'ड्रॅगनस्लेअर' सुरू केला. सिनेमा इंग्रजी, तेव्हा लाइव्ह कॉमेंट्रीची जबाबदारी माझी. आक्का शेजारी दाण्याचं कूट डब्यात भरत बसली होती. कान इकडे.

गोष्ट अशी. दीड हजार वर्षांपूर्वीचं ब्रिटन. अर्लंड नावाचं राज्य. डोंगरातल्या गुहेत म्हातारा ड्रॅगन. राजाने त्याच्याशी तह केलाय. वर्षातून दोनदा, दिवस आणि रात्र सारखे होतात तेव्हा, एक कुमारी मुलगी त्याला द्यायची. बदल्यात तो गावं जाळणार नाही. मुलगी कोणती? चिठ्ठी टाकून ठरवायची.

"बकासुरच की!" भाची म्हणाली.

मी उडालोच. वीस वर्षांत हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस. रोज एका घराची पाळी. एकचक्रा नगरी! ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. फरक एवढाच, की तिथे ब्राह्मणाच्या घरात भीम मुक्कामाला होता. इथे भीम नाही. इथे आहे गेलन, मेलेल्या जादूगाराचा अर्धवट शिकलेला चेला. म्हणजे आमचा तो काडीपैलवान. २००४मध्ये आम्ही ज्याला हसलो, तीच तर सिनेमाची खरी आयडिया होती. गावाला भीम मिळत नाही हो. गावाला मिळतो एक ट्रेनी!

राजा व्हिलन नाही, मॅनेजर आहे

सिनेमातला राजा कासिओडोरस दात विचकत हसणारा दुष्ट नाही. त्याच्या आधी त्याचा भाऊ सैन्य घेऊन ड्रॅगनवर चालून गेला होता. तो मेला, सैन्य मेलं, वर चिडलेल्या ड्रॅगनने गावं जाळली. तेव्हा याने हिशेब घातला. वर्षाला दोन मुली गेल्या तर बाकी राज्य सुखाने जगतं. शेतं पिकतात, बाजार भरतो. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर एकदम प्रॅक्टिकल माणूस. प्रेझेंटेशन द्यायला उभा राहिला असता, तर आपणही टाळ्या वाजवल्या असत्या.

फक्त त्या हिशेबात एक छोटी गोम आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे, त्यांच्या मुलींच्या चिठ्ठ्या टाकल्याच जात नाहीत. आणि राजकन्या एल्स्पेथची चिठ्ठी तर कधीच पडलेली नसते. तिला स्वतःलाही हे ठाऊक नसतं. तिला वाटत असतं, की दर वेळी आपणही बाकीच्यांसारख्याच धडधडत्या छातीने उभ्या आहोत. गावात एक लोहार आहे. त्याच्याकडे पैसा नाही, म्हणून तो आपल्या पोरीला, व्हॅलेरियनला, जन्मापासून मुलगा म्हणून वाढवतो. केस कापलेले, अंगात पुरुषी कपडे. चिठ्ठीतून सुटायचा गरिबाकडे हा एकच मार्ग.

इथे मी कॉमेंट्री थांबवली. कारण आक्काचा हात डब्यात तसाच थांबला होता.

"म्हंजी पोरगी हाय हेच लपवून ठिवलं," ती म्हणाली. "बरं केलं."

बीड जिल्ह्यात या वाक्याला वजन आहे. २०११च्या जनगणनेत इथे शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. राज्यात सगळ्यात कमी. म्हणजे काहींची चिठ्ठी जन्माच्या आधीच निघालेली. जन्मल्या त्यांचं काय? आईबाप सहा महिने फडावर जाणार. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? हंगामी वसतिगृहं निघाली. २०२१मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. तरी घरोघर पहिला विचार येतो तो एकच. उरकून टाका. लग्न झालं, की पोरगी नवऱ्याबरोबर जाते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो, मुकादम त्या कोयत्यावर उचल देतो. जोड नसेल, तर माणूस नुसता 'अर्धा कोयता'. म्हणजे हिशेब पुन्हा चोख. एकदम प्रॅक्टिकल.

ड्रॅगनचं दुखणं

एवढ्यात नेट गेलं. मोबाइल पत्र्यावर ठेवून आला, तेव्हा कुठे पुढचा भाग सुरू झाला आणि वर्मिथ्रॅक्स अख्खा पडद्यावर आला. भाची घाबरेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मामा, ह्याचं काहीतरी दुखतंय."

अगदी बरोबर! तो म्हातारा आहे, त्याची हाडं दुखतायत, पंख फाटलेत, वेदनेने तो जास्तच पिसाळलाय, हे सिनेमात आधीच सांगितलेलं असतं. पण पोरीला ते न सांगता कळलं. आमच्या तालुक्यात तागडगावला 'सर्पराज्ञी' नावाचं जखमी वन्यप्राण्यांचं केंद्र आहे. भाचीची शाळा तिथे एकदा सहलीला गेली होती. मोडक्या पंखाचा पक्षी आणि जखमी साप कसे बघतात, हे तिने पाहिलंय. पुढे ड्रॅगनला आपली पिल्लं मेलेली सापडतात. तो नाकाने त्यांना हळूच ढोसतो, मग मान वर करतो. ती काहीच बोलली नाही. नुसतं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी दांड्यावर हलवलेली एक बाहुली आजही शिरूर तालुक्यातल्या एका पोरीला गप्प करते. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर हुकलं म्हणे. हुकू दे!

चौकट : बघायचाच असेल, तर…

लाइट बंद करून बघा. सिनेमॅटोग्राफर डेरेक व्हॅनलिंट, म्हणजे 'एलियन'वाला. अंधार कसा वापरायचा हे त्याला नीट कळतं.

पहिली चाळीस मिनिटं धीर धरा. रील्सची सवय झालेल्या बोटांना त्रास होईल, पण फोन लांब ठेवा.

धर्मगुरू जॅकोपसकडे लक्ष द्या. हा इयान मॅकडायरमिड. दोनच वर्षांनी 'स्टार वॉर्स'मध्ये तो सम्राट झाला.

अगदी लहान मुलांना शेजारी घेऊन बसू नका. डिस्नेच्या नावावर जाऊ नका. १९८१मध्ये लोक फसले, तुम्ही फसू नका.

राजकन्येची चिठ्ठी

आणि मग तो सीन येतो, ज्यासाठी हा सगळा लेखप्रपंच.

एल्स्पेथला खरं कळतं. गेलन तुरुंगात असतो, त्याच्या तोंडून. ती बापाला जाऊन विचारते आणि राजाला धड खोटंही बोलता येत नाही. ती आरडाओरडा करत नाही. पुढच्या सोडतीच्या दिवशी गर्दी जमते, चिठ्ठी निघते, वाचणारा अडखळतो. नाव राजकन्येचं! राजाचा चेहरा उतरतो. काहीतरी चूक झाली असेल म्हणून तो धडपडतो. पण चूक नसतेच. एल्स्पेथने सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव घातलेलं असतं. स्वतःचं. इतकी वर्षं जे चुकवलं, त्याची फेड म्हणून.

२००४मध्ये या सीनला मी बहुतेक पाव आणायला उठलो होतो.

या वेळी माझ्या शेजारी आक्का बसली होती. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार. हे मी मोठेपणाने सांगत नाही, तिच्या पाठ्यपुस्तकांवरचे शेरे मी वाचलेत, कारण तीच पुस्तकं नंतर मला मिळाली. सातवीनंतर तिची शाळा सुटली. फडावर स्वयंपाकाला, पाणी भरायला, मोळ्या बांधायला एक हात हवा होता. मी आज्जीजवळ शिरूरला राहिलो, कारण माझी शाळा बुडायला नको होती. घरात कुणी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. टाकायची गरजच नव्हती. माझी चिठ्ठी त्यात नव्हतीच.

मला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. एल्स्पेथपेक्षा माझी अवस्था वाईट. तिला कळलं, त्या दिवशी ती उठली. मला कळून तीस वर्षं झाली. मी इंजिनियर झालो, फ्लॅट घेतला, दर दिवाळीला आक्काला साडी नेली. तिच्या थोरल्या दोघी मुलींची लग्नं अठराच्या आत झाली. मी दोन्ही लग्नांना हजर होतो. आहेर केला, पंगतीत जेवलो, फोटोत उभा राहिलो. "अजून लहान आहे, आक्का," एवढं एकदा म्हणालो होतो. मग लीव्ह संपली म्हणून पुण्याला परत आलो.

राजाचा हिशेब क्रूर वाटला का तुम्हाला? मलाही वाटला. पण असा हिशेब चालतो तो त्याच्यामुळे नाही. चालतो तो गर्दीत उभ्या असलेल्या, आपलं नाव निघणार नाही हे माहीत असलेल्या, चांगल्या माणसांमुळे. आपलं मूल इंग्लिश मीडियममध्ये आहे, आपल्या चहात साखर आहे, आपण दर महिन्याला एखादी देणगीही देतो. आपण वाईट नाहीच हो! फक्त आपली चिठ्ठी त्यात नाही.

तलवार कुणाची?

सिनेमाचा शेवट मी आता पहिल्यांदाच जागेपणी पाहिला. ड्रॅगन मरतो. गेलनच्या भाल्याने नाही, भाला मोडतो. राखेतून उठलेला म्हातारा जादूगार स्वतःचा जीव देतो, तेव्हा मरतो. तोवर राजकन्याही गेलेली असते. ती वाचत नाही. हॉलिवूडने तिला वाचवलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. आणि मग पालखीतून उतरल्यासारखा राजा येतो, मेलेल्या ड्रॅगनच्या अंगात नुसती तलवार खुपसतो आणि त्याचाच ड्रॅगनचा कर्दनकाळ म्हणून जयघोष होतो! गेलन आणि व्हॅलेरियन निमूट वाटेला लागतात.

भाची खवळली. "त्यानं काय केलं? त्यानं कायच नाही केलं!"

आक्का हसली. "बाई, आसंच आसतंय."

लॅपटॉप मिटला. रात्री पोरगी झोपल्यावर मी विषय काढला. घसा साफ करून, अगदी भाषणाच्या सुरात. म्हटलं, आक्का, हिला या वर्षी फडावर नेऊ नकोस. हिचं लग्नबिग्न डोक्यात आणू नकोस. पुढच्या वर्षी दहावी आहे. मी पैसे देतो, पुण्याला नेतो, काय लागेल ते बघतो.

आक्काने ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातल्या बांधलेल्या सामानाकडे हात केला. "गोधड्या मोजल्या का?"

मी बघितलं. गोधडी एकच होती. संध्याकाळपासून डोळ्यांसमोर होती. ताटही एकच बाहेर काढलेलं.

"औंदा मी जात न्हाई. हे एकलेच जात्यात, दिराच्या टोळीत. अर्ध्याच कोयत्याची उचल घेतली. दसऱ्यालाच सांगितलंय मुकादमाला. ही दहावी होईस्तवर मी हितंच ऱ्हाणार. दोन शेळ्या हायत, मशीन हाय शिवायचं. भागल."

"पैसे कमी पडतील, आक्का."

"पडतील की. दोघींच्या वेळंला पुरं पडले, तवा काय झालं?"

मी गप्प. मग म्हटलं, निदान दर महिन्याला मी पाठवतो तेवढे तरी घे.

"दे. घेईन. का नाही घेणार?" ती म्हणाली आणि भाचीच्या अंगावर पांघरूण सारखं केलं. "पण मामानं शिकवली म्हणून गावभर सांगत फिरू नको. त्या राजावानी."

आणि बघा, मी इथे मासिकात छापून सांगतोय! म्हणून स्पष्ट लिहून ठेवतो. भाला आक्काने घडवला, अर्धा कोयता सोडून दिला तो आक्का-दाजींनी. मी तलवार घेऊन पोचलो, तेव्हा काम झालेलं होतं. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे जातात. त्याला माझी चिठ्ठी म्हणता येणार नाही. उशिरा भरलेली जुनी थकबाकी म्हणा फार तर.

'ड्रॅगनस्लेअर' ग्रेट सिनेमा आहे का? नाही. मधे मधे रेंगाळतो, हीरो शेवटपर्यंत काडीपैलवानच राहतो आणि जादूच्या ताईताचे नियम मला दुसऱ्यांदा पाहूनही नीट कळले नाहीत. पण ड्रॅगनच्या सिनेमांत बहुतेक वेळा प्रश्न असतो, ड्रॅगनला मारणार कोण? हा एक सिनेमा विचारतो, की त्याच्या पुढ्यात रोज कुणाला ढकलतायत आणि ते ठरवतं कोण? असा प्रश्न विचारणाऱ्या सिनेमाला पंधरा रुपयांत झोपा काढल्याबद्दल मी माफी मागतो.

भाचीचा निकाल मात्र वेगळा आहे. सकाळी चहा पिताना तिने सिनेमाला दहापैकी आठ मार्क दिले. मी विचारलं, दोन कुठे कापले?

"एक राजानं तलवार खुपसली म्हणून," ती म्हणाली. "आन् एक, राजकन्येनं सगळ्या चिठ्ठ्यांवर आपलंच नाव का टाकलं? चिठ्ठ्याच फाडून टाकायच्या ना!"

एवढं बोलून दप्तर उचललं आणि ट्यूशनला गेली.